हिवरे बाजारची अभ्यास सहल आणि हॉटेलातलं नेतृत्व शिबिर: पैसे कुठं घालावेत

आमच्या आष्टी तालुक्यात सध्या प्रशिक्षणांचं पेव फुटलंय. महिला सदस्यांसाठी, बचत गटांसाठी, तरुण शेतकऱ्यांसाठी, उद्योजकांसाठी. व्हॉट्सअॅपवर रोज एखादी तरी जाहिरात येते आणि तिच्यात कोट घातलेला, हातात माईक धरलेला एक माणूस असतोच. मी ग्रामपंचायत सदस्य आहे, गटाचा हिशेबही माझ्याकडं असतो, त्यामुळं "ताई, जायचं का?" हा प्रश्न फिरून माझ्याच दारात येतो. आम्ही दोन्ही घेऊन पाहिलं: एका हॉटेलातलं दोन दिवसांचं नेतृत्व शिबिर आणि दुष्काळी भागात पाण्याच्या कामामुळं नावाजलेल्या हिवरे बाजार गावाची एका दिवसाची सहल. दोन्हींबद्दल लिहिते, कारण हे पैसे बायकांच्या महिन्याच्या बचतीतले आहेत आणि ते कुठं जातात याची मला फार काळजी असते.

शिबिराचं आधी, थोडक्यात. माणशी अडीच हजार रुपये. हॉल गार, जेवण पोटभर आणि चांगलं, बायकांसाठी स्वच्छतागृह नीट. मोठा पडदा, प्रत्येकीला वही-पेन, शेवटी प्रमाणपत्र आणि फोटो. वक्ते बोलायला खरोखर चांगले होते. कुठं थांबायचं, कुठं आवाज खाली आणायचा, आईची गोष्ट कधी सांगायची, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. पहिल्या संध्याकाळी आमच्यातल्या निम्म्या बायका भारावून गेल्या होत्या. त्याबद्दल माझी तक्रार नाही. पहाटे धारा काढून, डबे करून आलेल्या बाईला कुणी दोन तास 'तू करू शकतेस' म्हणत असेल, तर तिला बरं वाटणारच.

दुसऱ्या दिवशी प्रश्नोत्तरं होती. आमच्या गटातली एक बाई उभी राहिली. नवऱ्याबरोबर कोयता घेऊन बरीच वर्षं ऊसतोडीला गेलेली, दोन वर्षांपूर्वी घरी थांबलेली. ती म्हणाली, "साहेब, आमच्या वस्तीवर एकामागून एक बोअर झाले, मार्चनंतर एकालाही पाणी नाही. आता बोअर पुरे असं म्हणणाऱ्याला लोक वेड्यात काढतात. गावाला कसं सांगायचं?" वक्ते म्हणाले, "ताई, आधी स्वतःवर विश्वास ठेवा, मग गाव तुमच्यावर विश्वास ठेवेल." टाळ्या पडल्या. ती बसली नाही. म्हणाली, "विश्वास हाये. पण ग्रामसभेत पहिलं काय बोलायचं ते सांगा." वक्त्यांनी हसून पुढचा प्रश्न घेतला.

चहाच्या वेळेला मी त्यांना सरळ विचारलं, की तुम्ही स्वतः कुठल्या गावात, कुठल्या गटात, कुठल्या संस्थेत असं काही उभं केलंय का, आम्ही येऊन बघू. त्यांनी किती जिल्ह्यांत व्याख्यानं दिली ते सांगितलं. मी परत विचारलं. त्यांनी परत व्याख्यानंच सांगितली. त्यानंतर बारा हजारांच्या 'अॅडव्हान्स बॅच'चा कागद आमच्या हातात आला.

माझं मत स्पष्ट आहे: जेवण आणि सोय पाचापैकी चार, शिकवण पाचापैकी एक. ज्याला सभाधीटपणा हवाय, चारचौघांत उभं राहायची भीती घालवायचीय, त्याला थोडा उपयोग होईल. गाव चालवायला शिकायचंय त्यानं हे पैसे गाठीला ठेवावेत.

आता हिवरे बाजार.

अहिल्यानगर जिल्ह्यातलं, नगर तालुक्यातलं गाव (जिल्ह्याचं नाव बदललंय, आमच्या तोंडात अजून नगरच बसलंय). आमच्याकडून क्रूझर करून गेलं की सकाळचा चहा घरी आणि अकराच्या आत तिथं. आधी ग्रामपंचायतीत फोन करून किती माणसं येणार, कशासाठी येणार ते कळवलं होतं. राज्यभरातून आणि बाहेरूनही लोक येतात, त्यामुळं न कळवता गेलं तर गर्दीत सापडाल. गाव लहान आहे: शिवार साधारण 976 हेक्टर, लोकवस्ती सव्वा हजाराच्या आसपास. पाऊस आमच्यासारखाच. पर्जन्यछायेतला, वर्षाला चारशे मिलिमीटरच्या आगेमागे, आणि तोही कधी दगा देईल सांगता येत नाही. म्हणून मला हे गाव बघायचं होतं. कोकणातलं किंवा कोल्हापुराकडचं हिरवं गाव बघून मला काही शिकता आलं नसतं.

ज्यांच्या पुढाकारानं हे गाव बदललं ते पोपटराव पवार त्या दिवशी गावात नव्हते. काही बायकांचा हिरमोड झाला, फोटो राहिला म्हणून. मला मात्र हे फार बरं झालं असं तेव्हाही वाटलं आणि आजही वाटतं. ते उत्तम बोलतात, त्यांची भाषणं मी मोबाइलवर ऐकलेली आहेत. ते असते तर आम्ही दिवसभर त्यांच्याकडंच बघत बसलो असतो. ते नव्हते म्हणून आम्हाला गाव बघावं लागलं, आणि माणूस नसताना त्याचं काम कसं दिसतं हे कळलं.

माहिती सांगायला गावातलेच एक दूधवाले दादा आले होते. त्यांनी सुरुवात केली ती 1972 च्या दुष्काळापासून. ही गोष्ट ठळकपणे माहीत हवी, कारण आज गाव बघून वाटतं की इथं सगळं आधीपासून बरंच असणार. तसं नव्हतं. डोंगर तोडून सरपण झालेलं, विहिरी कोरड्या, पोटासाठी पुण्या-मुंबईला गेलेली माणसं, गावात दारूच्या भट्ट्या, भांडणं. सरकारी कर्मचाऱ्याला इथं पाठवणं म्हणजे शिक्षा समजली जायची. 1989 साली गावातल्या तरुणांनी आग्रह धरला आणि एम.कॉम. झालेले पोपटराव बिनविरोध सरपंच झाले. घरच्यांना वाटत होतं त्यांनी शहरात नोकरी धरावी.

पहिलं काम पाण्याचं नव्हतं, शाळेचं होतं. शाळेसाठी जागा, खोल्या, श्रमदान. आमच्या त्या ऊसतोडीच्या बाईला हॉटेलात जे उत्तर मिळालं नाही, ते इथं भाषणाशिवाय मिळालं: ग्रामसभेत पहिलं अशा कामाचं बोलायचं, ज्याला कुणी नाही म्हणणार नाही, आणि ते काम पुरं करून दाखवायचं. मग दुसऱ्या कामाला लोक थांबून ऐकतात. दारूच्या भट्ट्या बंद झाल्या तेव्हा भट्टी लावणाऱ्यांना दुसरा धंदा सुरू करायला बँकेचं कर्ज मिळवून दिलं गेलं, हेही दादांनी सांगितलं. आमच्याकडं दारूबंदीसाठी बायकांनी कितीदा मोर्चा काढला, पण भट्टीवाल्याच्या घरी उद्या चूल कशी पेटणार हा प्रश्न कुणी ग्रामसभेत मांडलेला मला आठवत नाही.

मग पाणी. रोजगार हमीच्या कामातून पाणी अडवून मुरवायला डोंगरउतारावर सलग समतल चर खोदले, झाडं लावली, नाल्यांवर बांध घातले. पुढं गाव राज्याच्या आदर्श गाव योजनेत आलं. हे सगळं पुष्कळ गावांत झालंय. आमच्याही शिवारात चर आहेत, आता बुजलेले. फरक पडला तो गावानं स्वतःवर घालून घेतलेल्या बंधनांनी. कुऱ्हाडबंदी, चराईबंदी, नशाबंदी, नसबंदी आणि श्रमदान, ही मूळची पंचसूत्री. त्यावर पुढं आणखी दोन नियम आले आणि मला विचाराल तर तेच सगळ्यांत कठीण: शेतीसाठी बोअर घ्यायचा नाही, आणि ऊस-केळीसारखी पाणी ओढणारी पिकं लावायची नाहीत.

हा दुसरा नियम नगर जिल्ह्यात पाळणं म्हणजे काय, हे आम्हा बीडच्या बायकांना वेगळं सांगावं लागत नाही. प्रवरानगरला 1950 साली सहकारी साखर कारखाना उभा राहिला तो याच जिल्ह्यात. ऊस म्हणजे इथं प्रतिष्ठा, कारखान्याचा शेअर, सोसायटीतलं वजन. आणि तो ऊस तोडायला आमच्या तालुक्यातली घरंच्या घरं दिवाळीनंतर कुलूप लावून जातात. मुकादम उचल, म्हणजे तोडणीचे आगाऊ पैसे, द्यायला येतो तेव्हा त्याच्याइतकं गोड कुणी बोलत नाही. म्हणून ज्या गावानं पाण्यासाठी ऊस सोडला आणि ज्या गावाची बाहेर गेलेली कुटुंबं परत आली, त्या गावाच्या बांधावर उभं राहताना आमच्या बायका एकदम गप्प झाल्या होत्या. त्यांना तिथं काय दिसत होतं ते मला ठाऊक आहे.

बोअरबंदीचं कारण दादांनी एका विहिरीच्या कडेला उभं राहून समजावलं आणि पुढचं मी नंतर भूजल खात्याच्या एका माहितीपत्रकातून वाचून घेतलं. आपल्याकडं वर माती, तिच्याखाली मुरूम, त्याखाली काळा पाषाण. पावसाचं मुरलेलं पाणी मुख्यतः वरच्या मुरमात आणि खडकाच्या झिजलेल्या थरात थांबतं. विहीर त्याच थरातलं पाणी घेते. पातळी खाली गेली तर विहिरीत वाकून पाहणाऱ्या कुणालाही ती दिसते. बोअर मात्र खोलवरच्या भेगांत साठलेलं पाणी ओढतो. तिथं पाणी मुळात थोडं आणि भरायला फार वेळ लागणारं. शिवाय बोअरात किती उरलंय हे डोळ्यांना दिसत नाही. एकानं तीनशे फूट नेला की शेजारी पाचशे नेतो. आमच्या वस्तीवर नेमकं हेच चाललंय.

हिवरे बाजारला पाण्याचा ताळेबंद मांडतात, त्यावर मी जास्त वेळ घालवला. गावात पर्जन्यमापक आहेत, पातळी मोजायच्या विहिरी ठरलेल्या आहेत. पावसाळा संपला की किती पाऊस पडला, किती मुरला, याचा अंदाज काढतात. त्यातून आधी माणसांचं आणि जनावरांचं पिण्याचं पाणी बाजूला काढतात, मग रब्बीला किती क्षेत्र भिजेल ते ठरतं, आणि हे सगळं ग्रामसभेत मांडलं जातं. पाऊस कमी झाला तर पिकं कमी. हिशेब मी वहीत करून पाहिला: एका हेक्टरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे दहा हजार लिटर. 976 हेक्टरवर शंभर मिलिमीटर पडला तर 97 कोटी 60 लाख लिटर. त्यातलं वाहून जाणारं आणि उन्हानं उडणारं वजा करायचं. गटाच्या कर्जवाटपाचा हिशेब करणाऱ्या कुठल्याही बाईला हे जमेल. शिल्लक बघून खर्च ठरवायचा, एवढंच तर आहे. हॉटेलातल्या दोन दिवसांत पाण्यावर कितीतरी शेर ऐकले, पण लिटरमध्ये कुणी बोललं नाही.

दुधाचे आकडेही सांगण्यासारखे आहेत. नव्वदच्या दशकात गावात दिवसाला दीडशे लिटरच्या आसपास दूध निघायचं, ते पुढं चार हजार लिटरच्या घरात गेलं. कारण चराईबंदी. डोंगरावर जनावर मोकळं सोडायचं नाही, गवत कापून आणायचं. सुरुवातीला याला विरोध झाला असणार, कारण ज्याच्याकडं शेळ्या, त्याचंच पोट आधी आवळलं जातं. याबद्दल मी दादांना खोदून विचारलं. ते म्हणाले, भांडणं झाली, वेळ गेला. एवढंच. इथं मला सहलीची पहिली मोठी उणीव जाणवली.

ती अशी, की गोष्ट सांगून सांगून गुळगुळीत झाली आहे. आकडे पाठ आहेत, फलक सुरेख आहेत, पण भांडण कसं मिटलं, कोण शेवटपर्यंत अडून बसला, त्याला कुणी समजावलं, कोणत्या वर्षी नियम मोडला गेला आणि मग काय केलं, हे आपण होऊन कुणी सांगत नाही. आमच्यासारख्या गावाला नेमकं तेच हवं असतं. या अडचणींवर लिहिलेलं आठ-दहा पानांचं पत्रक पाहुण्यांना दिलं, तर त्यासाठी पैसे मोजायला मी तयार आहे. दुसरी उणीव म्हणजे प्रश्नांच्या वेळी आमच्याबरोबरच आलेल्या दुसऱ्या एका गटातल्या पुरुषांनी बराच वेळ खाल्ला. बायकांना वेगळा अर्धा तास मिळायला हवा होता. आणि तिसरी गोष्ट, ही उणीव नाही पण ध्यानात ठेवावी अशी: सव्वा हजार वस्तीच्या गावात जे एका ग्रामसभेत ठरतं, ते चार वाड्या आणि सहा वस्त्या असलेल्या आमच्या गावात तसंच्या तसं ठरणार नाही. आम्हाला वस्तीनिहाय सुरुवात करावी लागेल.

एवढं असूनही मी या सहलीला पाचापैकी साडेचार देते. दोन कारणं.

पहिलं, इथं नियम सांगणारा माणूस आणि नियम पाळणारा माणूस वेगळे काढता येत नाहीत. दूध घालून परत निघालेल्या एका बाईला मी मुद्दाम बाजूला घेऊन विचारलं, "खरंच कुणाच्या शेतात बोअर नाही?" तिनं डेअरीची कॅन खाली ठेवलीसुद्धा नाही. "पिण्याच्या पाण्यासाठी आहे. शेतात कुणाच्याच नाही. विहिरीला पाणी असल्यावर कशाला?" एवढं बोलून ती गेली. तिला आम्हाला काही पटवून द्यायचं नव्हतं. वक्त्याचं बोलणं पारखायचं असेल तर त्याच्या गावातल्या अशा घाईत असलेल्या माणसाला विचारावं, ही माझी पद्धत आता ठरून गेली आहे.

दुसरं, पोपटरावांनी स्वतः कुणाला आदर्श मानलं, हे तिथं कळतं. त्यांनी गावकऱ्यांना पारनेर तालुक्यातलं राळेगणसिद्धी दाखवलं होतं. अण्णा हजारे सैन्यातून 1975 मध्ये गावी परतले आणि त्यांनी तिथं पाणलोटाचं काम उभं केलं. अण्णांच्याही आधी पुरंदर तालुक्यात नायगावला विलासराव साळुंखे होते. हे नाव आमच्या भागातल्या नव्या पिढीला माहीत नाही, याचं मला वाईट वाटतं. साळुंखे पुण्यातले कारखानदार, इंजिनिअर. 1972 च्या दुष्काळात खडी फोडणारी माणसं बघितली आणि नायगावात देवस्थानची सुमारे चाळीस एकर पडीक जमीन कराराने घेऊन तिथं पाणी अडवायचे प्रयोग सुरू केले. त्यातून पाणी पंचायत निघाली. तिचे नियम आजही वाचले तर अंगावर काटा येतो. पाणी जमिनीच्या मापानं नाही, घरातल्या माणसांच्या मापानं. माणशी अर्धा एकर भिजेल एवढं, कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच एकराचं. उसाला पाणी नाही. जमीन विकली तरी पाण्याचा हक्क तिच्याबरोबर जात नाही. भूमिहीनालाही पाण्यात वाटा. आणि योजनेच्या खर्चातला वीस टक्के भाग लाभार्थ्यांनी स्वतः उचलायचा.

2002 साली साळुंखे गेले. त्यांची व्हिडिओ क्लिप कुणी सकाळी 'शुभ प्रभात' म्हणून पाठवत नाही. पण भूमिहीन बाईचा पाण्यावर हक्क आहे हे वाक्य ज्यानं नियम म्हणून कागदावर उतरवलं आणि गावोगाव राबवून दाखवलं, तो माणूस माझ्या मनात कुठल्याही व्यासपीठापेक्षा उंच आहे. आमच्या गटात निम्म्या बायका भूमिहीन आहेत. त्यांना हा नियम मी परत येताना क्रूझरमध्ये सांगितला, तेव्हा मागच्या सीटवरून आवाज आला, "असं खरंच व्हतं का कुठं?" मी नायगावचं नाव परत सांगितलं, त्यांनी परत म्हणायला लावलं.

माझ्या सासूबाई गाडगेबाबांबद्दल सांगायच्या. त्यांनी स्वतः पाहिलेलं नाही, त्यांच्या आईकडून ऐकलेलं. बाबा गावात आले की आधी खराटा घेऊन गाव झाडायचे आणि रात्री कीर्तनाला उभे राहायचे. लोक त्यांच्या प्रश्नांची उत्तरं द्यायचे, हसायचे, रडायचे, कारण बाबांचे हात दिवसभर काय करत होते हे सगळ्या गावानं पाहिलेलं असायचं. महाराष्ट्राला चांगलं बोलणाऱ्याचं वावडं कधीच नव्हतं. कीर्तन, भारूड, पोवाडा, सभा, आम्ही कान देऊन ऐकणारी माणसं आहोत. पण त्या ऐकण्याला खराट्याचा आधार असायचा. आज तो आधार न मागता आम्ही अडीच हजार भरतो, याचा मला मनापासून त्रास होतो. रागही येतो. बायकांची बचत शंभर-शंभर रुपयांनी जमते.

सहलीचा आमच्यावर काय परिणाम झाला, हेही सांगायला हवं, नाहीतर परीक्षण अर्धवट राहील.

गटाचा अध्यक्ष निवडायची वेळ दिवाळीनंतर आली. आमच्याकडं रिवाज असा, की जी बँकेत आणि पंचायत समितीत फटाफट बोलते तिला अध्यक्ष करायचं. यावेळी चर्चा वेगळी झाली. आमच्यात एक काकू आहेत. सभेत बोलायला सांगितलं तर पदर तोंडाला लावतात. पण गट सुरू झाल्यापासून त्यांचा हप्ता एकदाही चुकलेला नाही, दुष्काळाच्या वर्षीही नाही. कुणाच्या घरात आजारपण निघालं की आधी काकू पोचतात. एका बाईच्या नवऱ्यानं कर्जाचे पैसे दारूत घातले, तेव्हा तिच्या घरी जाऊन, भांडण न करता, काकूंनीच ते दहा-बारा महिन्यांत वसूल करून आणले. काकूंचं नाव पुढं आलं तेव्हा त्या म्हणाल्या, "मला बोलता येत नाय." ऊसतोडीला जाऊन आलेली ती बाई म्हणाली, "बोलायला ताई आहेत. तुम्ही बसा." काकू आता अध्यक्ष आहेत. बँकेत कागद मी नेते, निर्णय त्यांचा असतो. गेल्या सहा महिन्यांत दोन कर्जं त्यांनी नाकारली आणि दोन्ही वेळा त्यांचं बरोबर होतं.

शाळेच्या आवारात पर्जन्यमापक बसवला. सातवीतली पोरं रोज सकाळी आठला मोजतात आणि फळ्यावर लिहितात. खर्च फार नाही, साधं मापक हजार-दीड हजारात मिळतं. एका पावसाळ्याचे आकडे हातात आहेत. बोअरबद्दलचा ठराव ग्रामसभेत मांडला, तो पुढं ढकलला गेला. विरोध करणारे लोक वाईट नाहीत. ज्याच्या डोक्यावर बोअरचं कर्ज आहे, त्याला तुझा बोअर चुकीचा असं कुणी सांगितलं तर तो चिडणारच. म्हणून आम्ही ठराव बदलतोय: नवा बोअर नको एवढंच म्हणायचं, जुन्याला हात लावायचा नाही, आणि आधी एका वस्तीवर दोन वर्षं करून बघायचं.

हिवरे बाजारबद्दल आणखी एक. तिथं 2021 साली तीस वर्षांनी ग्रामपंचायतीची निवडणूक लागली, त्याआधी बिनविरोध व्हायची. पोपटरावांच्या पॅनलनं सातही जागा जिंकल्या. काही लोकांना निवडणूक लागली हेच गावाचं अपयश वाटलं. मला तसं वाटत नाही. ज्या माणसाला आपण मोठं मानतो, त्याला गावातून कुणीतरी उभं राहून प्रश्न विचारतंय आणि तो मतपेटीतून उत्तर देतोय, यात आदर कमी होत नाही. पोपटरावांना 2020 चा पद्मश्री जाहीर झाला तेव्हा आम्ही टीव्हीवर बघितलं आणि आनंद झाला. पण त्यांच्यानंतर ताळेबंद कोण मांडणार, हा प्रश्न मी तिथं विचारला होता आणि दूधवाल्या दादांनी त्यावर गावातल्या तरुण पोरांकडं बोट दाखवलं. ही पोरं काय करतात ते मला पुढच्या खेपेला बघायचंय.

जाणाऱ्यांसाठी थोडं व्यवहाराचं. पावसाळा संपल्यावर ऑक्टोबर-नोव्हेंबरात गेलात तर डोंगर आणि गवत दिसेल, पण हिरवं बघून मन फसतं. खरी परीक्षा मे महिन्यात असते, तेव्हा विहिरीत वाकून बघा. क्रूझरचं भाडं सगळ्या जणींत वाटलं आणि भाकरी-पिठलं घरून नेलं, त्यामुळं माणशी खर्च शिबिराच्या दहाव्या भागाइतकाही आला नाही. वही न्या, मोबाइलवर विसंबू नका. फलकांचे फोटो नंतर कुणी बघत नाही. प्रश्न आधीच लिहून ठेवा आणि त्यातला पहिला प्रश्न भांडणांबद्दलचा असू द्या.

आणि नेहमीचे होकारार्थी मान डोलावणारे नेऊ नका. आमची दुसरी फेरी मे महिन्यात ठरली आहे. या वेळी गाडीत ग्रामसभेत बोअरच्या ठरावाला सगळ्यांत मोठ्यानं विरोध करणारे तीन शेतकरी असणार आहेत. त्यातले दोघं तयार झालेत. तिसऱ्यांच्या घरी काकू उद्या जाणार आहेत.